अर्ज निकाली, माणूस वाऱ्यावर

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली टेबल-खुर्ची टाकून बसलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. कुणी स्टॅम्प व्हेंडर, कुणी अर्ज टाइप करून देणारा, कुणी नुसताच 'एजंट'. त्यांच्याभोवतीच्या गर्दीत अंगठा उठवणारे आता थोडेच राहिलेत. बहुतेकांना वाचता येतं. ते रोजचा पेपर वाचतात, व्हॉट्सॲपवरचे लांबलचक मजकूर वाचतात, खताच्या पोत्यावरची माहितीही वाचतात. पण कचेरीचं पत्र हातात पडलं की टेबलापाशी येऊन म्हणतात, "भाऊ, बघा जरा, काय म्हणतायत ते." मग भाऊ वीस-पन्नास रुपये घेऊन मराठीचं मराठीत सांगतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. राज्याची राजभाषा मराठी असल्याचा अधिनियम १९६४चा, भाषा संचालनालय तर त्याच्याही आधीचं, १९६०चं. इतकं सगळं असताना मराठी माणसाला मराठी पत्र समजून घ्यायला मधला माणूस का लागावा? कारण ते पत्र त्याच्यासाठी लिहिलेलंच नसतं. ते फाइलसाठी लिहिलेलं असतं, वरच्या साहेबांसाठी, ऑडिटसाठी, उद्या चौकशी लागली तर अंगावर येऊ नये म्हणून. या प्रकाराला आपण 'सरकारी भाषा' म्हणतो आणि हसून सोडून देतो. मी त्याला अन्याय म्हणतो, आणि तो रोज होतो म्हणून लहान ठरत नाही.

अशा पत्रांचा साचा ठरलेला असतो. नमुन्यादाखल एक मीच रचतो. ज्यांच्या घरी अशी पत्रं आली आहेत त्यांना ते ओळखीचं वाटेल:

"उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, संदर्भीय पत्रान्वये आपण सादर केलेल्या अर्जासोबत आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता करण्यात आलेली नसल्याने, सदर पत्र प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत उर्वरित कागदपत्रे सादर न केल्यास आपला अर्ज निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

एक वाक्य, चाळीस शब्द. शुद्धलेखन चोख, व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. आता ज्या बाईला हे पत्र आलं तिच्या जागी बसून ते वाचा. तिने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केलाय, मुलीची शिष्यवृत्ती त्यावर अडलीय. पत्रातून तिला कळतं ते एवढंच की काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते लिहिलेलं नाही. कुठे द्यायचं, कुणाला विचारायचं, तेही नाही. सात दिवस मोजायचे ते पत्र मिळाल्यापासून. पण पत्र तिला कधी मिळालं हे कचेरीला कसं कळणार? पत्रावरची तारीख दहा दिवसांपूर्वीची असेल तर खिडकीवर काय ऐकावं लागेल, ते तिला आत्ताच ठाऊक आहे. आणि शेवटी ते 'निकाली काढण्यात येईल'. काम निकाली निघालं म्हणजे झालं, असंच आपण घरीदारी म्हणतो. त्या हिशेबाने ती निवांत बसली तर चूक तिची? कचेरीत निकाली म्हणजे फाइल बंद.

हेच पत्र असं लिहिता येतं:

"तुमचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मिळाला. त्याला दोन कागद जोडलेले नाहीत: तलाठ्याचा अहवाल आणि रेशनकार्डाची प्रत. ते १५ जूनपर्यंत खिडकी क्रमांक ३ वर आणून द्या. न दिल्यास आम्ही हा अर्ज बंद करू आणि तुम्हाला नवा अर्ज करावा लागेल. काही विचारायचं असल्यास खाली सही करणाऱ्यांना फोन करा."

यात 'सदर'च्या जागी 'हा' आला आणि 'प्राप्त'च्या जागी 'मिळाला' आला, ही सगळ्यात किरकोळ गोष्ट. तेवढंच करायचं असेल तर शब्दांची एक यादी भिंतीला चिकटवून भागेल. खरा फरक असा की दुसरं पत्र लिहिणाऱ्याला आधी फाइल उघडावी लागली. कोणते कागद कमी आहेत ते बघावं लागलं, तारीख ठरवावी लागली, खिडकी सांगावी लागली, खाली आपलं नाव आणि नंबर द्यावा लागला. पहिलं पत्र यातलं काहीही न करता शंभर जणांना पाठवता येतं. म्हणजे मोघम भाषेने कारकुनाची दहा मिनिटं वाचली आणि त्या बदल्यात बाईचा एक खाडा पडला, एसटीचं भाडं गेलं, झाडाखालच्या भाऊचे पैसे गेले. पत्र दुर्बोध असतं ते पुष्कळदा शब्द अवघड असतात म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याने विचारच पुरा केलेला नसतो आणि जड शब्द त्यावर पांघरूण घालतात.

'करण्यात येईल' या प्रयोगाचं तर स्वतंत्र कौतुक करायला हवं. कारवाई करण्यात येईल, चौकशी करण्यात येत आहे, पाणीपुरवठा बंद ठेवण्यात आला आहे, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते. कोण करतंय हे सगळं? इतकी कामं होत असतात आणि कर्ता कुठेच दिसत नाही. दिलगिरीसुद्धा कुणाची नसते, ती आपोआप व्यक्त होते. स्पष्ट लिहायला लागलं की वाक्याला कर्ता द्यावा लागतो, आणि कर्ता दिला की जबाबदारी येते. सोप्या भाषेला कचेऱ्यांत होणारा विरोध मला वाटतं निम्माअधिक इथूनच उगवतो, मग तोंडाने कुणी भाषेच्या प्रतिष्ठेची कितीही सबब सांगो.

मजकूर किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजता येईल का, हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपासून चघळला जातोय. तिथलं सगळ्यात गाजलेलं सूत्र रुडॉल्फ फ्लेशचं. हा मूळचा व्हिएन्नाचा, वकिलीचं शिक्षण घेतलेला. नाझींच्या वरवंट्यातून निसटून तो १९३८मध्ये अमेरिकेत आला. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती, आणि कदाचित म्हणूनच इंग्रजी वाचताना माणूस कुठे अडखळतो ते त्याला बरोबर दिसलं. १९४८मध्ये त्याने सूत्र मांडलं: वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात सरासरी उच्चारखंड किती, यावरून गुण काढायचे. साठ ते सत्तर गुण म्हणजे सर्वसामान्य वाचकाला झेपेल असं. तिसाच्या खाली म्हणजे पदवीधराचा घाम काढणारं. १९५२मध्ये रॉबर्ट गनिंगने आपलं 'फॉग', म्हणजे धुक्याचं, मोजमाप आणलं. १९७५मध्ये अमेरिकन नौदलाने फ्लेशच्याच सूत्राला शाळेच्या इयत्तांत बसवून घेतलं, कारण यंत्रांची माहितीपुस्तकं ती यंत्रं चालवणाऱ्यांनाच उमगत नसतील तर छापून उपयोग काय? तिथल्या काही राज्यांनी तर विमा पॉलिसीच्या मजकुराला अमुक इतके गुण हवेतच असा कायदा केला.

आकड्यांचं हे वेड आपल्याकडे आणावं का? आकडेमोडीचा कंटाळा नसेल तर कागद-पेन्सिल घ्या. २०६.८३५ मधून वाक्यातल्या शब्दसंख्येची १.०१५ पट वजा करायची आणि दर शब्दामागच्या उच्चारखंडांची ८४.६ पट वजा करायची. वाक्य घेऊ: "आईने मुलाला भाकरी वाढली." चार शब्द, बारा अक्षरं, शब्दामागे तीन. उत्तर येतं उणे ५१! बालवाडीतल्या पोराला कळणारं वाक्य शून्याच्याही खाली पाताळात गेलं. बोलताना 'भाकरी'तला 'क' आणि 'वाढली'तला 'ढ' अर्धाच उच्चारला जातो, तो हिशेब धरला तरी उणे नऊ. आता दुसरं वाक्य: "सदर अर्ज निरस्त." तीन शब्द, आठ अक्षरं, उत्तर उणे २२. म्हणजे अक्षरं मोजून सूत्र सांगतं की आईने भाकरी वाढली हे समजायला अवघड आणि अर्ज निरस्त झाला हे त्यापेक्षा सोपं.

इंग्रजीत लांब शब्द बहुधा अवघड असतो, म्हणून तिथे लांबी मोजून काम भागतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'घराबाहेरच्यांनासुद्धा' हा नऊ अक्षरांचा शब्द आजीलाही कळतो. 'विहित' हा तीन अक्षरांचा शब्द पदवीधरालाही अडवतो. हिंदी आणि बंगालीसाठी भारतीय संशोधकांनी २०१२मध्ये वेगळी सूत्रं मांडली, त्यात जोडाक्षरांचाही विचार केला. तसं काम मराठीत जरूर व्हावं. पण सूत्राची वाट बघत बसण्याचं कारण नाही, कारण सूत्र झालं तरी ते फक्त ताप मोजेल, औषध देणार नाही. शिवाय गुणांसाठी लिहायची सवय लागली की माणूस वाक्यं कुऱ्हाडीने तोडायला लागतो. "कागद आणा. कागद नसतील तर. अर्ज बंद." गुण उत्तम मिळतील, बाई मात्र आधी होती तिथेच.

वाक्याच्या लांबीचा मुद्दा मात्र मराठीला दुप्पट लागू आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर क्रियापदाच्याही मागे लपलेलं असतं. अर्ज मंजूर झाला की फेटाळला हे कळायला वाचकाला शेवटच्या शब्दापर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. तोवर सुरुवातीचा संदर्भ क्रमांक डोक्यातून गेलेला असतो. म्हणून मराठीत संपादन करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की निर्णय काय आहे, आणि तो पहिल्या ओळीत उचलून ठेवावा. कारणं, कलमं, संदर्भ नंतर येऊ देत.

मोजायचंच असेल तर वाचकापाशी जाऊन मोजा. १९५३मध्ये विल्सन टेलर याने एक पद्धत सुचवली ती कोणत्याही भाषेला चालते: मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचकाला रिकाम्या जागा भरायला सांगायचं. मजकूर त्याच्या आवाक्यातला असेल तर तो बऱ्याचशा जागा बरोबर भरतो. नसेल तर थांबतो, डोकं खाजवतो. शाळेत रिकाम्या जागा आपण सगळ्यांनीच भरल्या आहेत, फक्त इथे परीक्षा लिहिणाऱ्याची असते. याहून सोपी रीत म्हणजे नोटीस छापण्याआधी ती ज्यांना जाणार आहे अशा आठ-दहा जणांच्या हातात द्यायची आणि "कळलं का?" असं अजिबात विचारायचं नाही. तसं विचारलं की आपली माणसं भिडेपोटी "हो, कळलं की" म्हणतात. विचारायचं असं, "हे वाचून आता तुम्ही काय करणार?" उत्तर ऐकून बऱ्याच अधिकाऱ्यांच्या भुवया वर जातील. ग्रामसभेत हे करायला एका चहाचा वेळ लागतो.

यावर ठरलेला आक्षेप असतो: सोपं केलं की कायद्याचा नेमकेपणा जातो. मला तो गंभीरपणे घ्यायचा आहे, कारण तो सगळाच खोटा नाही. 'कब्जेदार' आणि 'मालक' यांत फरक आहे, 'फेरफार' म्हणजे नुसता बदल नाही, आणि असे शब्द बोलीत वितळवायला गेलं तर जमिनीचे तंटे वाढतील. तिथे शब्द ठेवावा आणि शेजारी एका ओळीत त्याचा अर्थ द्यावा. पण वर दिलेल्या चाळीस शब्दांत नेमकं काय होतं? कागदांची नावं नव्हती, तारीख नव्हती, जागा नव्हती. नेमकेपणाच्या नावाखाली चालतो तो बहुधा मोघमपणाच. न्यायालयांनाही याचा चटका बसला आहे, आणि तोही इंग्रजीत; म्हणजे रोग एकट्या मराठीचा नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत पाठवला, तो चूक आहे म्हणून नाही, वाचून काही अर्थच लागेना म्हणून. ऑगस्ट २०२२मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालापायी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांच्या खंडपीठाला निकालपत्र कसं लिहावं याचेच धडे द्यावे लागले: परिच्छेदांना क्रमांक द्या, निकाल मोठा असेल तर अनुक्रमणिका द्या, ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला तो समजला पाहिजे. न्यायमूर्तींना जे सांगावं लागतं ते अव्वल कारकुनाला सांगायला संकोच कसला?

आपल्याकडे हा वाद मुळात नवा नाहीच. महानुभावांच्या स्मृतींत अशी हकीकत आहे की केशोबासांसारख्या पंडिताने संस्कृतात लिहायचं मनात आणलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं; त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, एवढंच त्यांचं कारण होतं. वाचकाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून भाषा निवडण्याचा हा सातशे वर्षांमागचा धडा. पुढे जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली १८७३मध्ये, ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत. ऐकणाऱ्याला जिथे शंका येईल तिथे धोंडिबा ती विचारतो. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३चा. अडाणी शेतकऱ्याला कचेरीतला नोकरवर्ग कागदाच्या जोरावर कसा नाडतो, हे त्यात पानोपानी आहे. या माणसाच्या मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून टीकेची झोड उठवली, व्याकरणाच्या चुका काढून खिल्ली उडवली. चिपळूणकरांचं गद्य घाटदार आहे, मला ते वाचायला आजही आवडतं. पण शुद्ध भाषा ज्याच्या हातात त्यालाच बोलायचा अधिकार, असा त्या खिल्लीचा अर्थ होत होता, आणि तो अर्थ आपल्या कचेऱ्यांनी, विद्यापीठांनी, काही अंशी संपादकांनीही गुपचूप वारसाहक्काने घेतला. स्वतंत्र राज्य आल्यावर इंग्रजी हटवायच्या उमेदीने १९६२मध्ये पदनाम कोश निघाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' ठरवून टाकलं. कोश करणाऱ्यांची निष्ठा खरी होती आणि त्यांनी घडवलेले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो, हे अत्र्यांचा मान ठेवूनही सांगायला हवं. राहून गेलं ते एवढंच की हे शब्द ज्यांच्या तोंडी जायचे होते त्यांना कुणी विचारलं नाही.

दोष संस्कृतचा, असंही कुणी समजू नये. पंचनाम्यातलं 'सबब', 'मजकूर इसम', 'मौजे' हे फारसी-अरबी घराण्यातलं आहे आणि तेही तितकंच परकं वाटतं. रिफंड, केवायसी, ओटीपी हे शब्द इंग्रजी असूनही भाजीवालीला माहीत असतात. शब्दाचं कूळ बघत बसण्यापेक्षा तो समोरच्याच्या ओळखीचा आहे का, ते बघावं.

ब्रिटनमध्ये हे काम एका बाईने हातात घेतलं. ख्रिसी माहर लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत वाढली, पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत तिला धड वाचताही येत नव्हतं. १९७९मध्ये तिने पार्लमेंटसमोरच्या चौकात सरकारी फॉर्मचे जाहीरपणे तुकडे केले. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिच्या रेट्याने सरकारला हजारो फॉर्म तपासून बदलावे लागले. स्वीडनने २००९च्या भाषा कायद्यातच घालून टाकलं की सरकारी भाषा सोपी आणि समजेल अशी हवी. अमेरिकेत २०१०मध्ये, न्यूझीलंडमध्ये २०२२मध्ये तसे कायदे झाले. आपला कायदा मराठी वापरा म्हणाला, तिथेच थांबला.

कचेऱ्यांना बोल लावताना आपण लिहिणाऱ्यांनीही आपल्या ताटात बघावं. इस्पितळात शस्त्रक्रियेआधी सही घेतात ते संमतिपत्र वाचा. रुग्णाला धोके समजावून मगच संमती घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. आणि आपण स्ट्रेचरवरच्या माणसाच्या नातेवाइकापुढे बारीक टाइपाचा कागद सरकवून "इथे सही करा" म्हणतो. दिवाळी अंकांतले वैचारिक लेख वाचा. 'परिप्रेक्ष्य', 'विमर्श', 'संरचनात्मक' यांच्या गर्दीत लेखकाचं म्हणणं काय आहे हे शोधायला दोनदा मागे जावं लागतं, आणि बरेचदा म्हणणं फारसं नसतंच. समाजातल्या शेवटच्या माणसाविषयी लिहायचं आणि त्याला एक वाक्यही समजू द्यायचं नाही, हा कसला कळवळा? कवितेला मी यात धरत नाही. ग्रेसच्या कवितेला फुटपट्टी लावा असं कुणी म्हणणार नाही. ती कळली नाही म्हणून कुणाचं रेशन बंद होत नाही.

एक काम मात्र आजपासून करता येईल, आणि त्याला ना कायदा लागतो ना समिती. तुम्हाला वरच्या नमुन्यासारखं पत्र आलं तर ते घेऊन झाडाखाली जाऊ नका. त्याच कचेरीला एका कागदावर लिहून द्या: "आपलं पत्र मिळालं. त्यात कोणते कागद कमी आहेत, ते कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हे लिहिलेलं नाही. कृपया लेखी कळवावं. तोवर अर्ज बंद करू नये." दोन प्रती करा, एक देऊन दुसरीवर पोच घ्या, आणि पोचेवर शिक्का व तारीख असल्याशिवाय खिडकी सोडू नका.